परवडत नसेल तर पाळू नका?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवरच्या आधुनिक उपचारांचा लेख आला होता. आवडला. मुंबईत महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्टचं पाच मजली प्राणी रुग्णालय सुरू झालं, कुत्र्या-मांजरांचं सीटी स्कॅन आणि एमआरआय आता आपल्याच राज्यात होतं, हे वाचून आमच्यासारख्यांना बरं वाटतंच. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचं आहे, तरी अजून आम्हाला लग्नकार्यात 'हे ढोरांचे डॉक्टर' अशीच ओळख मिळते. असो. पण पुढच्याच आठवड्यात त्या लेखावर एका वाचकाचं पत्र आपण छापलंत. त्याचा सूर असा होता, की एवढा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनी मुळात प्राणी पाळूच नयेत. माझं हे पत्र त्यासाठी आहे.

मी कराडला दवाखाना चालवतो. सकाळी कुत्री-मांजरं, आणि दुपारनंतर बोलावणं आलं तर गोठ्यावर. माझ्याकडे बंगल्यातली माणसं येतात, साखर कारखान्यावरचे कामगार येतात, हंगामात ऊसतोडीच्या टोळीतलं कुणी येतं, आणि पेन्शनीवर एकट्या राहणाऱ्या, मांजराच्या सोबतीने दिवस काढणाऱ्या आजीही येतात. पत्रलेखकांचं ऐकायचं तर यातल्या निम्म्यांनी आपलं जनावर उद्या रस्त्यावर सोडायला हवं. गावठी कुत्रं कुणी ठरवून आणत नाही हो. ते वस्तीवर येतं, भाकरीचा तुकडा खाऊन दारात बसतं, रात्री भुंकून राखण करतं, आणि महिन्याभरात त्याला नाव पडलेलं असतं. त्याच्या मालकाने आधी एमआरआयची ऐपत सिद्ध करायची का?

शिवाय असं वाक्य ज्याच्या खिशात पैसे कमी आहेत तोही वाचतो. मग तो उशिरा येतो. डॉक्टर बोलतील, मोठं बिल करतील, 'पाळताना कळलं नाही का' म्हणतील, या धास्तीने आधी मेडिकलमधली गोळी, मग शेजाऱ्याचा सल्ला, मग कुणीतरी सांगितलेली हळद, आणि चौथ्या दिवशी दवाखाना. माझ्या समोर जी जनावरं दगावली त्यांतली बरीचशी गरिबीने गेली नाहीत, या संकोचाने गेली असं मला वाटतं.

पार्व्होचं, म्हणजे पिल्लांच्या आतड्याला धरणाऱ्या विषाणूच्या रोगाचं उदाहरण घ्या. हिवाळा संपता संपता पिल्लं यायला लागतात. उंब्रजच्या बाजूचा एक मुलगा मोटारसायकलवर, स्वेटरच्या आत पिल्लू धरून आला होता. पिल्लू टेबलावर ठेवायच्या आधीच वासावरून कळलं. पार्व्होच्या रक्ती हगवणीला एक वेगळाच वास असतो, तो एकदा नाकात बसला की जात नाही. डोळे खोल गेलेले, मानेची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहतेय. मुलाचा पहिला प्रश्न, "सर, किती होतील?" आणि लगेच मान खाली. मी त्याला म्हटलं, बरं झालं आधीच विचारलंस, आता आपण त्या हिशोबाने ठरवू.

पुस्तकातला उपचार म्हणजे दाखल करा, शिरेतून चोवीस तास सलाईन, दर काही तासांनी तपासणी. उत्तम. पण कराडसारख्या गावात रात्री दहानंतर माझ्या दवाखान्याला कुलूप असतं. 'ॲडमिट' केलेलं पिल्लू रात्रभर बंद खोलीत एकटं, सलाईनची नळी चावत बसणार. त्याला ॲडमिट म्हणायचं का?

अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी नेमका हाच प्रश्न तपासला, आणि २०१७ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पार्व्हो झालेली ४० कुत्री. सुरुवातीला सगळ्यांना शिरेतून सलाईन देऊन सावरलं. मग २० जणांना रुग्णालयातला पूर्ण उपचार, आणि २० जणांना फक्त तेवढाच जो घरी पाठवून देता येईल: कातडीखाली सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, एक दीर्घकाळ टिकणारं प्रतिजैविक, आणि जबरदस्तीने का होईना, थोडं थोडं खाणं. पहिल्या गटातली १८ वाचली, दुसऱ्या गटातली १६. अभ्यास लहान आहे हे मान्य, पण काहीच न करण्यात आणि सगळं करण्यात केवढी मोठी जागा आहे ते त्यात दिसतं. उपचार न मिळालेली पार्व्होची पिल्लं बहुतेक मरतातच.

त्या मुलाच्या पिल्लाला मी तास-दीड तास शिरेतून सलाईन दिलं, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ आणायला सांगितलं. घरी काय करायचं ते कागदावर लिहून दिलं: ऊब, तोंडाने चमच्या-चमच्याने काय आणि कधी, आणि कुठलं लक्षण दिसलं की वेळ न बघता फोन करायचा. त्याच्या आईने कागदाच्या मागच्या बाजूला वेळा टिपून ठेवल्या होत्या, उलटी किती वाजता, शी किती वाजता. असं टिपण मला कुठल्याही नर्सकडून मिळालं असतं तर मी खूश झालो असतो. पिल्लू जगलं. सगळीच जगत नाहीत.

यातलं खरं स्वस्त औषध म्हणजे लस, आणि तिच्यातही लोक चुकतात. दीड-दोन महिन्यांचं असताना पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत. 'दोन झाल्या, आता पुरे' असं म्हणून लोक थांबतात. का थांबू नये हे आमच्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे, कारण त्याला चीक माहीत आहे. वासराला चीक का पाजायचा, तर आईची ताकद त्यात उतरते म्हणून. पिल्लालाही ती तशीच मिळते. पण ती अंगात आहे तोवर लसही तीच गिळून टाकते, आणि ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून पुन्हापुन्हा टोचायचं. कंपनीचा धंदा वाढवायला नव्हे.

आता गोचीड तापाबद्दल, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि माझ्याकडे सध्या दिवसाआड एक तरी असा कुत्रा येतो. खाणं सोडलं, मलूल झाला, नाकातून रक्त आलं. शहरात अशा वेळी रक्ताची मोठी तपासणी पाठवतात, पीसीआर करतात. ती तपासणी चांगली आहे, मीही गरज पडली की पुण्याला नमुना पाठवतो. पण त्याआधी एक काम आहे ज्याला फार तर पंधरा मिनिटं लागतात. कानाच्या पाळीच्या कडेला बारीक टोचायचं, आलेला थेंब काचेवर पसरायचा, वाळवायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. कानाच्या कडेचंच रक्त का, तर बारीक केशवाहिन्यांमध्ये जंतू लागलेल्या पेशी जास्त अडकतात. नशीब असेल तर तांबड्या पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले, एका टोकाला निमुळते होत गेलेले जंतू दिसतात. ते बबेसिया. कधी नुसत्या इवल्याशा अंगठ्या दिसतात. तोही बबेसियाच, पण निराळा. कधी पांढऱ्या पेशीत मण्यांचा गोळा दिसतो, तो एहर्लिकिया. तिघांची औषधं वेगळी. एहर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन चार आठवडे पूर्ण. जोडीने बसणाऱ्या बबेसियाला दुसरंच इंजेक्शन. अंगठीवाल्याला ते इंजेक्शन फारसं लागू पडत नाही, त्याची औषधं महाग. काचेवर काही दिसलं नाही म्हणजे रोग नाही असंही नाही, तेव्हा पुढची तपासणी करायची. पण काच न बघताच 'गोचीड ताप आहे' म्हणून एकच ठरलेलं इंजेक्शन ठोकणं, आणि काच न बघताच चार हजारांची तपासणी लिहून देणं, ही दोन्ही मला सारखीच आळशी कामं वाटतात.

इथे मला उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर स्वस्त तेवढं चांगलं असा माझा समज आहे असं वाटेल. गोचिडी मारायच्या नव्या गोळ्या आल्या आहेत, काही महिनाभर टिकतात, काही तीन महिने. किंमत ऐकून लोक दचकतात आणि पावडर मागतात, किंवा गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्याला चोळतात. गोठ्यातल्या त्या औषधांपैकी काही मांजराच्या तर जिवावर उठतात. एका गोचीड तापाचा खर्च मांडला तर गोळी स्वस्त पडते. खरजेचंही तसंच. डेमोडेक्स नावाचा किडा केसांच्या मुळाशी राहतो. पूर्वी त्यासाठी महिनोन्महिने औषधी पाण्याच्या आंघोळी घालाव्या लागत, मालकही कंटाळायचा आणि कुत्राही. आता याच गोळ्यांनी तो बरा होतो. अशा ठिकाणी मी महागडा पर्यायच आधी सांगतो. याउलट 'खाजेचं इंजेक्शन द्या' म्हणून येणाऱ्याला मी कातडी खरवडून काचेवर बघितल्याशिवाय स्टिरॉइड देत नाही. त्यावरून माझी भांडणं होतात. होऊ देत.

काही ठिकाणी मात्र मधला मार्ग नाही, आणि तिथे मी पैशाची चर्चा लांबू देत नाही. कुत्री माजावरून उतरून महिना-दोन महिने झाले, एकाएकी पाणी फार प्यायला लागली, खात नाही, पोट जड दिसतंय: गर्भपिशवीत पू भरला असण्याची शंका घ्यायची. खालून पू गळत असेल तर मालकाला दिसतं. पिशवीचं तोंड बंद असेल तर काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त वाईट. शस्त्रक्रिया करून पिशवी काढायची, त्याच दिवशी. गोळ्यांवर आठवडा काढला तर बहुधा शस्त्रक्रिया करण्याजोगी कुत्री उरत नाही. पिल्लं नको असतील तर तरुणपणीच नसबंदी केली की हे दुखणं येतच नाही, आणि खर्च कितीतरी कमी. दुसरं, बोक्याची लघवी अडणं. बोका ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो. घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, म्हणून एरंडेल पाजतात. दोन-तीन दिवसांत रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. बोका कुंथताना दिसला आणि ट्रे कोरडा असला तर रात्र असली तरी डॉक्टर शोधा.

आणि रेबीज. लक्षणं दिसू लागल्यावर जगात कुठेही, कितीही पैसे टाकले तरी कुत्र्याला उपचार नाही. लस मात्र आहे, तीन महिन्यांच्या पिल्लाला पहिली आणि मग दरवर्षी, आणि ती आमच्या सगळ्या लसींत स्वस्त. कुत्रं चावलेल्या माणसाने साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. चुना आणि मिरची लावून आलेली माणसं अजूनही दिसतात, म्हणून लिहिलं.

कर्करोगाचं नाव काढलं की लोकांना मुंबई आठवते. गावठी कुत्र्यांत संभोगातून पसरणारी एक गाठ असते, लिंगावर किंवा योनीत, रक्त गळत राहतं. दिसायला भयानक. तिच्यावर व्हिन्क्रिस्टीन नावाचं औषध आठवड्याला एक असं शिरेतून देतो, बहुतेकदा चार-सहा इंजेक्शनांत गाठ विरघळते. हे औषध मुळात सदाफुलीतून मिळालेलं, तीच आपल्या अंगणातली जांभळ्या फुलांची. (म्हणून कुणी कुत्र्याला सदाफुलीचा पाला खाऊ घालू नये, विषारी आहे.) म्हणजे कीमोथेरपी इथेही होते, आणि गोठ्यातल्या कुत्र्यालाही परवडते.

लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी. जबड्याखाली, खांद्यापुढे, गुडघ्यामागे गाठी येतात. एक निवृत्त शिक्षक त्यांच्या लॅब्रेडॉरला घेऊन आले. मी त्यांना सांगितलं, काहीच केलं नाही तर साधारण महिना-दीड महिना. नुसत्या प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या तर महिना-दोन महिने, पण खाईल, फिरेल. पुण्या-मुंबईत पूर्ण कीमो केली तर बऱ्याच कुत्र्यांना साधारण वर्षभर मिळतं. बरं होणं त्यातही क्वचितच. प्रत्येकाचा खर्चही सांगितला. सरांनी विचारलं, "तुमचा कुत्रा असता तर?" हा प्रश्न रोज येतो आणि मी त्याचं उत्तर देत नाही, कारण माझं घर, माझी मिळकत आणि माझी मनःस्थिती त्यांची नाही. त्यांनी गोळ्या निवडल्या. शेवटचे दिवस अवघड झाले तेव्हा त्यांच्याच ओसरीवर जाऊन मी त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. त्या माणसाने कुत्रा पाळायला नको होता असं मला कुणी सांगू नये.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या किडनीचंही असंच. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा घटक, वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं तीन-चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. डायलिसिस सगळ्यांना शक्य नाही आणि जुनाट आजारात त्याने फार साधतही नाही. पण आहार बदलून, आणि घरीच मानेमागच्या सैल कातडीखाली सलाईन देऊन बरेच महिने नीट जातात. एका सत्तरीच्या काकू ते शिकल्या. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता, आता त्या टीव्ही बघत बघत देतात. सलाईन गेलं की त्यांच्या पॉमेरेनियनच्या पाठीवर उंटासारखं मदार उठतं, ते तासा-दोन तासांत जिरतं.

मेडिकलच्या दुकानाबद्दल थोडं. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. अर्धी नाही, पाव नाही. मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही. काही तासांत हिरड्या तपकिरी होतात, तोंड सुजतं, श्वास लागतो. चुकून दिलंच तर घरात थांबू नका, त्यावर उतारा आहे पण तो वेळेत द्यावा लागतो. कुत्र्याला आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक देऊ नका, पोटात व्रण होऊन रक्त जातं, किडनी बसते. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून बंदच आहे, ते गिधाडांमुळे: ते टोचलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली. तरी मागितलं की मिळतं.

मोठ्या रुग्णालयांवर माझा राग नाही. तिथलं बिल पाहून 'लूट' म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की कुत्रा एमआरआयच्या नळीत स्वतःहून निपचित पडत नाही, त्याला पूर्ण भूल द्यावी लागते; भूल म्हटली की भूल देणारा डॉक्टर, ऑक्सिजन, मॉनिटर, रात्रपाळी. ते फुकट होत नाही. मी स्वतः रुग्ण तिकडे पाठवतो. मोठ्या कुत्र्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध (लिगामेंट) तुटला तर शस्त्रक्रियेसाठी पुण्यालाच पाठवतो. पण तोच बंध पंधरा किलोच्या आतल्या कुत्र्यात तुटला, तर वजन कमी करून आणि काही आठवडे बांधून ठेवून बरेच जण नीट चालायला लागतात. हेही मालकाला सांगायला नको का? माझ्या व्यवसायबंधूंशी माझं भांडण एवढंच. सगळ्यात महागडा उपचार आधी आणि एकटाच मांडायचा, मालक गप्प झाला की 'तुमची इच्छा' म्हणायचं, ही पद्धत मला पटत नाही. मी एका कागदावर जमतील ते सगळे पर्याय लिहितो, समोर खर्च, समोर जगण्याची शक्यता, आणि तो कागद घरी नेऊ देतो. त्यात 'काही न करणं' हाही एक पर्याय असतो. काही जण तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. जाऊ देत.

'पाळू नका' असं कुणाला म्हणायचंच असेल तर पत्रलेखकांना मी पत्ता देतो. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि त्यात लोक हस्की आणि सेंट बर्नार्ड आणतात. पिल्लाला तीस-चाळीस हजार मोजतात, कॉलर परदेशी असते, आणि रेबीजची लस दिली का विचारलं तर 'ब्रीडरने दिली असेल' म्हणतात. पैसा पाण्यासारखा आहे, बर्फाचा कुत्रा आहे, आणि दुपारी वीज गेली की मला फोन. चपट्या नाकाच्या पगला श्वासच घेता येत नाही, तो घोरतो म्हणून त्याचे व्हिडिओ काढतात. ऐपत हीच कसोटी असेल तर ही मंडळी पहिल्या नंबराने पास होतील.

आपल्याला एक विनंती. पुरवणीत यंत्रांचे फोटो छापताच, तर पावसाळ्याआधी अर्धं पान साध्या गोष्टींनाही द्या: लसींच्या वेळा, गोचिडी कुठे शोधायच्या (कानात, काखेत आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यात), घरातल्या कुठल्या गोळ्या विष आहेत, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्या-मांजरांसाठी काय मिळू शकतं. मजकूर मी लिहून देतो, मानधन नको. फक्त त्याला 'आमचे लाडके मुके मित्र' असं शीर्षक देऊ नका. माझ्या दवाखान्यात सकाळी अकरा वाजता येऊन बघा कोण मुकं आहे ते.

आपला,
एक पशुवैद्य, कराड